थरयुक्त फोटॉनिक रचनांची टोपोलॉजी: वर्धन-शोषणाच्या गणनेत या चुका टाळा

प्रकाशाचे वर्धन करणारे आणि शोषण करणारे थर आलटून पालटून रचलेल्या स्फटिकाची गणना करताना बहुतेक घोळ शोषणरहित रचनांच्या सवयी तशाच पुढे चालवल्याने होतात. सर्वांत क्षुल्लक, तरी वारंवार होणारी चूक चिन्हाची आहे. काळाचा घातांक ‘ऋण आय-ओमेगा-टी’ धरल्यास अपवर्तनांकाचा धन काल्पनिक भाग शोषण दर्शवतो आणि घातांक धन धरल्यास नेमके उलट होते. म्हणून आधी एकाच शोषक थराचे पारगमन काढावे; ते १ पेक्षा जास्त आले, तर संकेतांची सरमिसळ झालेली आहे. काल्पनिक भागाचे मूल्यही वास्तवाला धरून असावे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ०.२ म्हणजे सेंटिमीटरमागे सुमारे १६,००० इतका वर्धनांक (दर लांबीमागे प्रकाश किती वाढतो त्याचे माप) होतो. १,००० वर्धनांकासाठी ०.०१२ पुरते.

पारगमन आणि परावर्तन यांची बेरीज १ येत नाही म्हणून कोडमध्ये दोष शोधत बसू नये; येथे ती सहसा येत नाहीच. पीटी-सममित रचनेसाठी (म्हणजे आरशातली प्रतिमा घेऊन वर्धन आणि शोषण यांची अदलाबदल केली तरी जी तशीच राहते तिच्यासाठी) गे, चाँग आणि स्टोन यांनी २०१२ मध्ये मांडलेला नियम तपासावा: पारगमन आणि १ यांच्यातील फरकाचे निरपेक्ष मूल्य दोन्ही बाजूंच्या परावर्तनांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतके असते. शिवाय वास्तव वारंवारतेवर एकक पेशीच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या थरसंचाच्या) ट्रान्स्फर मॅट्रिक्सचा, म्हणजे पेशीच्या एका बाजूच्या क्षेत्रावरून दुसऱ्या बाजूचे क्षेत्र देणाऱ्या मॅट्रिक्सचा, ट्रेस (कर्णावरील घटकांची बेरीज) वास्तव यायला हवा.

झाक फेज, म्हणजे वारंवारतेच्या एखाद्या पट्ट्याची टोपोलॉजी सांगणारा कलाकोन, केवळ उजव्या आयगेनअवस्थांवरून (रचनेच्या स्वाभाविक तरंगरूपांवरून) काढला, तर येणाऱ्या आकड्यावर विसंबता येत नाही. डाव्या अवस्थाही (उलटवलेल्या, म्हणजे ट्रान्स्पोज केलेल्या समीकरणाच्या अवस्था) लागतात आणि परस्परता पाळणाऱ्या (दोन्ही दिशांना सारखेच पारगमन देणाऱ्या) रचनेत त्या ऋण तरंगसदिशावरील अवस्थांमधूनच मिळतात. मात्र अंतर्गुणाकारात संयुग्म न घेता संमिश्र परावैद्युतांकाचा भार द्यावा लागतो. दोन थरांच्या पेशीत मूळबिंदू एखाद्या थराच्या मध्यावर ठेवला, तर उत्तर ० किंवा पाय येते. तो वर्धक आणि शोषक थरांच्या सीमेवर नेला, तर ही हमी उरत नाही. दोन पट्टे अपवादात्मक बिंदूवर (जेथे त्यांच्या वारंवारता आणि अवस्था दोन्ही एकरूप होतात) जुळले असतील, तर त्यांतील एकट्या पट्ट्याचा फेज विचारण्यात अर्थ नाही.

एका टोकाला क्षेत्र वाढलेले दिसताच त्याला ‘स्किन इफेक्ट’ (रचनेच्या बहुतेक सर्व अवस्था एका टोकाला गोळा होणे) म्हणण्याची घाईही टाळावी. परस्परता पाळणाऱ्या साध्या एकमितीय थररचनेत तो संभवत नाही, आणि दिसते ती बहुधा वर्धनाने फुगलेली सामान्य लहर असते.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक लेसिंगच्या उंबरठ्यापलीकडची, म्हणजे वर्धन इतके वाढल्यानंतरची आहे की रचना स्वतःच लेसरसारखी प्रकाश देऊ लागते. ट्रान्स्फर मॅट्रिक्स स्थिर अवस्था गृहीत धरते, त्यामुळे उंबरठा ओलांडल्यावरही ती शांतपणे सांत, गुळगुळीत पारगमन देत राहते, आणि त्या आलेखातले टोक टोपोलॉजिकल सीमा-अवस्था (टोपोलॉजीमुळे सीमेवर अडकून राहणारी तरंगावस्था) म्हणून खपून जाते. प्रत्यक्षात मात्र तेथे क्षेत्र काळाबरोबर घातांकी वाढत असते आणि संपृक्ततेशिवाय (प्रखर प्रकाशाने वर्धन घटल्याशिवाय) स्थिर अवस्था अस्तित्वातच नसते. उंबरठा ओलांडला का हे ओळखण्यासाठी प्रकीर्णन मॅट्रिक्सचे (आत येणाऱ्या लहरींवरून बाहेर जाणाऱ्या लहरी देणाऱ्या मॅट्रिक्सचे) ध्रुव, म्हणजे ती अनंत होते ते बिंदू, संमिश्र वारंवारतेच्या प्रतलात शोधावेत. वरील ऋण घातांकाच्या संकेतात एखादा ध्रुव वरच्या अर्ध्या भागात गेला असेल, तर वास्तव वारंवारतेवरचा तो आलेख बाजूला ठेवून अरेषीय वर्धनासह काळानुसारी गणना करावी.