ऐंशीच्या दशकातले सर्वश्रेष्ठ बॉक्सर निवडताय? या चुका टाळा

ऐंशीच्या दशकातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, असं विचारलं की आपल्याकडे पहिलं नाव हमखास माइक टायसनचं निघतं. माझ्या वहीतल्या पहिल्या यादीतही तोच वर होता. मग नावांपुढे तारखा टाकल्या आणि यादी ढासळली.

टायसन नोव्हेंबर 1986 मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, 1988 मध्ये त्याने मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत लोळवलं. जबरदस्तच! पण दशकाची निम्मी वर्षं तो कुठे होता? त्याला पाचात ठेवा, पहिला नको. आणि फेब्रुवारी 1990 मधली बस्टर डग्लसविरुद्धची हार इथे त्याच्या माथी मारू नका. रॉबर्टो डुरानच्या बाबतीत चूक उलटी होते. लाइटवेट या हलक्या वजनगटातला त्याचा दरारा सत्तरच्या दशकातला, तो इथे धरायचा नाही. त्याच्या खात्यात जून 1980 मधला शुगर रे लेनर्डवरचा विजय आहे, पाचच महिन्यांनी त्याच लेनर्डपुढे आठव्या फेरीत लढत सोडून देणंही आहे.

नुसता जय-पराजयाचा तक्ता बघून क्रम लावणं ही त्याहून मोठी चूक. टॉमी हर्न्स या दशकात लेनर्ड आणि मिडलवेटचा जगज्जेता मार्व्हिन हॅगलर, दोघांकडूनही हरला, म्हणून त्याला खाली ढकलणारे बरेच. सप्टेंबर 1981 ची लास व्हेगसमधली हर्न्स-लेनर्ड लढत एकदा सबंध बघा. तेरा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर हर्न्स पुढे होता. लेनर्डचा डोळा सुजून मिटत आलेला. तेराव्यात लेनर्डने त्याला दोरांवर रेटला, चौदाव्यात पंचांनी लढत थांबवली. असा हरलेला माणूस माझ्या यादीत चौथा आहे, टायसनच्याही वर.

1987 मध्ये लेनर्डने हॅगलरला गुणांवर हरवलं, त्या निकालावरून अजूनही डोकी फुटतात. एका पंचाने लेनर्डला 118-110 दिले, एकाने हॅगलरला 115-113. त्या एका रात्रीवर पहिला नंबर ठरवू नका. हॅगलरने मिडलवेटचा किताब बारा वेळा राखला, हेही तराजूत टाका. माझ्याकडे तरीही लेनर्ड पहिला, हॅगलर केसभर मागे.

लॅरी होम्स तिसरा. म्हाताऱ्या अलीला हरवलं म्हणून लोकांनी त्याला कधी माफच केलं नाही. तो राग यादीत आणू नका.

शेवटी हलक्या वजनाचे. यांच्यावर सरळ काट मारली जाते. दक्षिण कोरियाच्या चांग जुंग-कूने लाइट फ्लायवेटचा किताब पंधरा वेळा राखला, पण त्याचं नाव किती याद्यांत दिसतं? मेक्सिकोच्या साल्वाडोर सांचेझने 1981 मध्ये विल्फ्रेडो गोमेझला आणि जुलै 1982 मध्ये अझुमा नेल्सनला हरवलं. पुढच्याच महिन्यात तो मोटार अपघातात गेला, वय 23. अडीच वर्षांच्या कामगिरीला किती वजन द्यायचं? मी त्याला सहावा ठेवलाय, पेन्सिलने.