मीटरवाल्याचं ऐका: सोयाबीन हमीभावाने घालायचं असेल तर

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझी पाच एकर. त्यातली चार दरवर्षी सोयाबीनला, मधे तुरीचे पट्टे. दोन हंगाम मी आमच्याकडच्या हमीभाव केंद्रावर ओलावा मोजायला बसलो, तेव्हापासून गावात मला मीटरवाला म्हणतात. काही जण प्रेमाने म्हणतात, काही शिवी दिल्यासारखं. दोन्ही बरोबर आहे. ट्रॉलीभर माल घेऊन चार तास रांगेत थांबलेल्या माणसाला ‘तेरा पॉइंट चार, बसत नाही’ म्हणायचं काम होतं ते. त्या खुर्चीवरून जे दिसलं, ते सांगतो.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्याआधीच्या वर्षी ४,८९२ होता. दोन्ही वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे बाजार चार हजारांच्या अलीकडे-पलीकडेच खेळत होता. हमीभावाला कायद्याचा आधार नाही, त्यामुळे व्यापारी त्याखाली घेतो आणि आपण देतो. सरकार खरेदीला उभं राहिलं आणि त्या दारातून तुम्ही आत शिरलात, तरच तो भाव तुमचा. दार अरुंद आहे. म्हणून तयारी काढणीला नाही, ऑगस्टातच सुरू करायची.

ऑगस्ट: मोबाइल घेऊन बांधावर

पहिली गोष्ट ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद. खरिपाची मुदत साधारण १ ऑगस्टपासून दीड महिना असते. ॲपवर शेतात उभं राहून फोटो काढायचा. घरी बसून होत नाही, गटाच्या हद्दीबाहेर ते घेतच नाही. सातबाऱ्यावर सोयाबीन लागलं नाही, तर केंद्रावर तुमच्या घरात सोन्याची रास असली तरी उपयोग नाही. रेंज नसेल, सर्व्हर लोळत असेल, तर सकाळी सहाला जा. तेव्हा चालतं.

इथेच एक मेख आहे. तुमच्याकडून किती क्विंटल घ्यायचं, हे जिल्ह्याच्या हेक्टरी उत्पादकतेवर ठरतं, आणि गुणायचं ते नोंदवलेल्या क्षेत्राने. आमच्या एका तात्यांनी सोयाबीन-तुरीचं मिश्र पीक नोंदवताना क्षेत्र निम्मं-निम्मं टाकलं. प्रत्यक्षात चार ओळी सोयाबीन आणि एक ओळ तूर होती. परिणाम असा, की घरात बावीस क्विंटल आणि मर्यादा बाराची. उरलेलं आडतीला गेलं. ओळी मोजून क्षेत्र टाका, आणि सप्टेंबर संपायच्या आत सातबारा उघडून नोंद डोळ्यांनी बघा. चुकली असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपला तलाठी) तेव्हाच जा. नोव्हेंबरात तो तुम्हाला दारात उभं करणार नाही, आणि त्याचाही तेव्हा इलाज नसतो.

सामाईक गट असेल तर भावकीची संमती आताच घ्या. काढणीनंतर भाऊ आठवतो तो वेगळाच.

बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू हवं. जनधन खातं देऊ नका. त्या खात्यांना मर्यादा असतात, मोठी रक्कम अडकून परत जाते. जिल्हा बँकेचं बंद पडलेलं जुनं खातं देणारेही मी पाहिले. हमीभावाने माल घालायच्या नोंदणीला हल्ली स्वतः जाऊन अंगठा द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, तेव्हा आधार आधीच अद्ययावत करून ठेवा.

वाळवण: सगळा पैसा इथे आहे

केंद्राची अट १२ टक्के ओलाव्याची आणि २ टक्के काडीकचरा-मातीची. परतलेला बहुतेक माल माझ्यासमोर या दोन आकड्यांवर परतला. पहिल्यावर जास्त.

लोक म्हणतात, वाळवलं की वजन घटतं, मग फायदा काय? हिशेब करू. १६ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल वाळवून १२ टक्क्यांवर आणले तर साडेनऊ क्विंटलच्या किंचित वर भरतात. ते ५,३२८ ने ५०,८०० रुपयांच्या आसपास जातात. तेच ओले १० क्विंटल चार हजाराने ४० हजार, आणि व्यापारी ओलाव्याची कपात लावतो ती वेगळीच. तेलगिरणीचा भाव तर १० टक्के ओलावा धरून सांगितलेला असतो, हेही फळ्यावरचा आकडा वाचताना ध्यानात ठेवा. माझ्याकडे दोन बायांची दोन दिवसांची मजुरी जाते वाळवायला. ती जाऊन मध्ये काय उरतं, ते बघा.

वाळवायची रीत अशी. मळणी झाली की रास लावून ठेवू नका. आतून तापते, दाणा काळा पडतो. ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरा. तासातासाने अनवाणी पायाने ओळी ओढा, खालचा दाणा वर येतो. संध्याकाळी सूर्य उतरायच्या आत गोळा करून झाकायचं. हे चुकतं. दिवसभर दोन टक्के उतरलेलं रात्रीच्या दवाने एक टक्का परत चढतं, आणि सकाळी माणूस ‘काल दिवसभर वाळवलं’ म्हणत माझ्यासमोर उभा. डांबरी रस्त्यावर पसरू नका, खडे येतात आणि कचऱ्याच्या दोन टक्क्यांत तेच मारतात.

दाताखाली ‘कट्’ वाजलं म्हणजे वाळलं, असं आपले बापजादे सांगत. ते १३ लाही वाजतं. मी शेकडो वेळा दाणा चावून मग मीटर लावून बघितलं आहे; बारा आणि साडेतेरा यांतला फरक दातांना कळत नाही. मीटर गावातल्या आडतीवर किंवा शेतकरी कंपनीकडे असतं. तिथे पाच ठिकाणचा मूठ-मूठ दाणा घेऊन जा. उन्हातून उचललेला गरम दाणा मोजू नका, आकडा फसवा येतो. सावलीत तासभर निवू द्या. घरी ११ ते साडेअकरा आला तरच पोती शिवा. बारावर शिवलेलं पोतं रांगेत दोन रात्री काढून तेरावर येतं.

२०२४ चा नोव्हेंबर मला विसरता येत नाही. काढणीच्या काळात पाऊस झालेला, सगळ्यांचा माल ओला. १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारने अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, त्या हंगामापुरती. बातमी त्याच रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर. सकाळी केंद्रावर ट्रॉल्यांची रांग. माझ्या हातात मात्र जुनाच कागद. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “लेकरा, पेपरात आलंय की रे!” मी म्हणालो, “बाबा, पेपरात आलंय, माझ्याकडं न्हाई आलं.” त्यांनी ट्रॉली परत नेली नाही. तिथेच मैदानात ताडपत्री पसरली आणि बायकोला फोन करून भाकरी मागवली. पुढे आम्ही १४ चा माल घ्यायला लागलो, तर गोदामावरून ट्रक परत यायला लागले, कारण तिथला माणूस बाराच धरून बसलेला. निर्णय दिल्लीत होतो, आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे गोदामाच्या दारातला एक माणूस. सवलत जाहीर झाली की लगेच ट्रॅक्टर जोडू नका. केंद्राला फोन करून विचारा: तुमचं गोदाम किती ओलावा घेतंय?

काट्यावर

मेसेज आल्याशिवाय माल आणू नका. आणलाच तर ट्रॅक्टरचं थांबण्याचं भाडं अंगावर. नमुना काढताना उभे राहा. पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेला नमुना मान्य करू नका. नळी खुपसून मधला, तळाचा दाणा काढायला सांगा. मीटरचं रीडिंग तीनदा घ्यायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मी कधी म्हणालो नाही. काट्यावर रिकाम्या पोत्याचं वजन किती धरलंय ते विचारा. घरून चाळणी आणा. माती जास्त म्हणून परत पाठवलेला माल तिथेच चाळून दुपारी घातलेली माणसं मी पाहिली आहेत.

बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला की खरेदी थांबते. २०२४ च्या डिसेंबरात हे झालं. मुदत आधी ३१ जानेवारी आणि मग ६ फेब्रुवारीपर्यंत वाढली, तरी नोंदणी केलेले कितीतरी जण रांगेतच राहिले. म्हणून शेवटच्या आठवड्यावर कधीही विसंबू नका.

तोवर पैसा कुठून आणायचा?

आता खरं दुखणं. २०२५ मध्ये दिवाळीचं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि हमीभावाची प्रत्यक्ष खरेदी १५ नोव्हेंबरपासून. मजुरांची उधारी, कृषी केंद्राची उधारी, पोरांचे कपडे आणि रब्बीचं बियाणं, सगळं त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत. हमीभावाची योजना आखणाऱ्यांच्या कॅलेंडरात दिवाळी नसावी.

माझा उपाय शेतमाल तारण कर्जाचा. पणन मंडळाची ही योजना बाजार समित्या चालवतात: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्के उचल मिळते, वर्षाला ६ टक्के व्याज, १८० दिवसांची मुदत. किंमत बाजारभाव आणि हमीभाव यांपैकी कमी असेल ती धरतात. २० क्विंटल ४,२०० ने ८४ हजारांचे, म्हणजे ६३ हजार हातात. सहा महिन्यांचं व्याज १,८९०. सगळ्या समित्या हे करत नाहीत, आणि करणाऱ्या फारसं सांगत नाहीत. सप्टेंबरात जाऊन विचारा. एक मात्र: तारण ठेवलेला माल केंद्रावर नेता येत नाही. निम्मा हमीभावाला, निम्मा तारणाला, अशी वाटणी आधी करा. मी तशीच करतो.

निम्मा राखून ठेवायचा तर भाव वाढेल का? मी ज्योतिषी नाही, पण कशाकडे बघायचं ते सांगतो. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी पेंडच. त्यामुळे खाद्यतेलावरचं आयातशुल्क आणि पेंडीची मागणी, या दोन दोऱ्यांवर आपला भाव लोंबतो. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. ३० मे २०२५ ला ते निम्म्यावर, १० टक्क्यांवर आणलं. शहरात तेल महागलं की शुल्क उतरतं, हे गणित पाठ करून ठेवा. पेंडीला तर आता इथेनॉल कारखान्यांतला मका-तांदळाचा चोथा स्पर्धक झालाय. कोंबड्यांना तो स्वस्त पडतो.

आणि २०२१ आठवा. जुलै-ऑगस्टात लातूरला भाव १० हजारांच्या वर गेला होता. ऑगस्टात सरकारने जनुकीय बदल केलेल्या (जीएम) सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, ऑक्टोबरात तेलबियांवर साठामर्यादा आली, डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे आजच होणारे सौदे, बंद झाले. वायदे बंद झाल्यापासून जानेवारीत काय भाव असेल याचा अंदाज बांधायचा फळाच नाही. माझा चुलतभाऊ १५ हजाराची वाट बघत बसला होता. त्याने शेवटी किती भावाने घातलं, ते तो आजही सांगत नाही. त्यामुळे राखलेल्या मालाला मनात एक आकडा ठरवा आणि तो आला की विका.

पैसे येईपर्यंत

माल काट्यावरून उतरला म्हणजे पैसे सुटले असं नाही. तो ट्रकमध्ये जातो, गोदामात उतरतो, माल जमा झाल्याची वखार (गोदाम) पावती बनते, मग पुढचं. तीन दिवसांत पैसे, असं ऐकाल. मी तीन आठवडेही पाहिलेत. केंद्राची पावती, तिचा फोटो आणि ट्रक कधी गेला ती तारीख लिहून ठेवा. ‘गोदाम पावती झाली का?’ एवढाच प्रश्न विचारायचा. ‘पैसे कधी?’ विचारलं तर सगळे ‘होतील’ म्हणतात.

मैदानात ताडपत्री पसरणारे ते बाबा तिसऱ्या दिवशी मीटरसमोर परत आले होते. अकरा पॉइंट नऊ. मी आकडा मोठ्याने वाचला, तर त्यांनी खिशातून चष्मा काढून स्वतः मीटरमध्ये वाकून बघितलं, आणि मग म्हणाले, “आता लिही.”