पीएलएम आणि ईआरपी जोडायचंय? आधी बॉम नीट करा

डिझाइनवाल्यांनी टीमसेंटर किंवा विंडचिलसारख्या पीएलएममध्ये (डिझाइनची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर) ड्रॉइंग रिलीज केलं की तीच माहिती कुणीतरी एक्सेलमधून सॅपसारख्या ईआरपीत (खरेदी, स्टॉक, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर) पुन्हा भरत बसतं. हा दुहेरी खटाटोप थांबवण्यासाठी जोडणी करायची असते. दोन सॉफ्टवेअरमधला प्रोग्राम लिहिणं त्यातलं सोपं काम. गाडी अडते ती बॉमपाशी (बिल ऑफ मटेरियल, म्हणजे वस्तूला कोणता माल किती लागतो त्याची यादी), कारण डिझाइनचा बॉम आणि प्लांटचा बॉम एक नसतो.

समजा, वेल्डिंगच्या फ्रेममध्ये २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि २ मिमी जाडीचा स्टील पाइप आहे, लांबी ६४० मिमी. कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचं वजन येतं ७३९ ग्रॅम. स्टोअरमध्ये मात्र पाइप ६ मीटरचा येतो आणि खरेदी किलोवर होते. करवत प्रत्येक कापाला ३ मिमी खाते, म्हणून एका पाइपातून ९ तुकडे निघतात आणि २१३ मिमी भंगारात जातं. हिशेब केला तर तुकड्यामागे सुमारे ६६७ मिमी, म्हणजे ७६९ ग्रॅम पाइप लागतो. कॅडचा आकडा तसाच ईआरपीत गेला, तर १०,००० तुकड्यांनंतर ३०० किलो पाइप सिस्टिममध्ये शिल्लक दिसेल आणि रॅकवर नसेल. मग स्टॉक मोजताना स्टोअरवाल्यावर संशय!

म्हणून डिझाइनचा बॉम सरळ ईआरपीत ढकलू नका. मध्ये प्लांटचा बॉम तयार करा आणि तो प्रोसेस इंजिनिअरने तपासावा. पेंट, वेल्डिंग वायर, ग्रीस, पॅकिंगचा खोका यांतलं बरंचसं कॅडमध्ये कधीच नसतं. ते इथे भरायचं. जी सबअसेंब्ली फक्त लाइनवर बनते आणि स्टोअरला जातच नाही, तिला फँटम (बॉममध्ये असलेली, पण स्टॉकमध्ये न धरलेली) करा. नाहीतर तिच्यासाठी विनाकारण वेगळी प्रॉडक्शन ऑर्डर निघत राहील.

त्यानंतर आयटम मास्टरमधला (ईआरपीतली प्रत्येक पार्टची मूळ नोंद) प्रत्येक रकाना कुणाचा, हे एका कागदावर लिहून सह्या घ्या. पार्ट नंबर, वर्णन, मटेरियल ग्रेड, वजन, रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) ही माहिती पीएलएमची. जीएसटीसाठीचा एचएसएन कोड, लीड टाइम (माल यायला लागणारा वेळ), सप्लायर, किंमत ईआरपीची. एकच रकाना दोन्हीकडून बदलता आला, तर शेवटी कोण बरोबर हे ठरवता येत नाही.

लांबीही तपासा. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीत मटेरियल नंबर १८ अक्षरांपर्यंत, नव्या एस/४हानात ४० पर्यंत चालतो, पण वर्णनाला दोन्हीकडे ४० अक्षरंच. पीएलएममधलं लांबलचक वर्णन शेवटून कापलं जातं, आणि आपल्याकडे एलएच-आरएच नेमकं शेवटी लिहायची सवय! डावा-उजवा ब्रॅकेट एकाच नावाने दिसला की पर्चेसवाले चुकणारच. डावा-उजवा आधी लिहा. जुना डेटा चढवताना नंबराच्या कॉलमचा प्रकार आधीच टेक्स्ट ठेवा, एक्सेल पुढची शून्यं गिळतं.

रिव्हिजनचा नियम सर्वांत जास्त वाद घडवतो. एम८ बोल्टचं भोक ८.४ वरून ९ मिमी केलं आणि जुना-नवा पार्ट दोन्हीकडे बसत असेल, तर नंबर तोच, फक्त रिव्हिजन पुढे. दोन भोकांमधलं अंतर ६० वरून ६४ झालं तर जुना बसणार नाही, म्हणून नवा पार्ट नंबर. स्टॉक सहसा पार्ट नंबरवर मोजला जातो. नंबर एकच ठेवला तर दोन्ही माल एकाच बिनमध्ये पडतो.

ईसीएन (डिझाइनमधल्या बदलाची अधिकृत सूचना) कधीपासून लागू, हे डिझाइनने परस्पर ठरवू नये. जुना स्टॉक किती, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) किती येणं बाकी आहे, हे प्लॅनिंगला माहीत असतं. तारीख त्यांच्याकडून घ्या. सुरक्षिततेचा बदल असेल तर अर्थात वाट पाहायची नाही, जुना माल लगेच बाजूला काढायचा.

पाठवण्याचा क्रम असा ठेवा: फक्त रिलीज झालेले पार्ट, आधी आयटम मास्टर, मग खालच्या पातळीपासून वर बॉम. आयटमच नसेल तर बॉम अडकतो. एमआरपी (कोणता माल कधी, किती लागेल याचा ईआरपीतला हिशेब) रात्री २ ला चालत असेल, तर पाठवणी १२ पर्यंत संपायला हवी. अर्धवट बॉमवर एमआरपी चाललं की सकाळी भलत्याच मालाच्या मागण्या दिसतात. तोच संदेश दुसऱ्यांदा गेला तर दुसरा आयटम बनू नये, यासाठी पार्ट नंबर, रिव्हिजन आणि ईसीएन नंबर मिळून एकच ओळख ठेवा. फेल झालेले संदेश नुसते लॉगमध्ये पडू देऊ नका. एका नेमलेल्या माणसाला मेल जायला हवा, आयटीच्या सामायिक इनबॉक्सला नव्हे.

सुरुवात एकाच प्रॉडक्ट फॅमिलीपासून आणि एकाच दिशेने, पीएलएमकडून ईआरपीकडे करा. स्टॉक आणि किंमत उलट दिशेने डिझाइनला दाखवणं नंतर, आणि तेही फक्त वाचण्यापुरतं. महिनाभर जुनी एक्सेल पद्धत समांतर चालू ठेवा आणि रोज सकाळी दोन्हीकडच्या बॉमच्या ओळी आणि क्वांटिटी जुळवा. बहुतेक फरक युनिटमध्ये सापडतील: कुणीतरी मिमी लिहिलेलं असतं आणि ईआरपीने ते मीटर समजून घेतलेलं असतं.