अमेरिकेत हायस्कूलचा विषय ऑनलाइन करताना: आधी क्रेडिट पक्कं, मग फी

ऑनलाइन कोर्स शिकवणारी शाळा वेगळी आणि क्रेडिट देणारी शाळा वेगळी. कोर्स चालवणारी संस्था ग्रेड देते, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, पाठवते. पण तो विषय तुमच्या मुलीच्या नावावर धरायचा की नाही, हे तिची रोजची शाळा ठरवते. शाळेने नाही म्हटलं, तर हातात ‘ए’ असूनही ऑगस्टमध्ये तिला त्याच विषयाच्या वर्गात पुन्हा बसावं लागतं. फी परत मिळत नाही, उन्हाळ्याची सुट्टीही गेलेली असते.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त केला जाणारा विषय जॉमेट्री, म्हणून कॅलिफोर्नियातलं तेच उदाहरण घेऊ. नववीत अल्जिब्रा वन झालं, सुट्टीत जॉमेट्री उरकली, की दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस बसतं.

सुरुवात मार्चमध्ये काउन्सेलरला, म्हणजे शाळेत विषय ठरवायला मदत करणाऱ्याला, ईमेल पाठवून करा. जूनपासून बरेच काउन्सेलर सुट्टीवर जातात आणि पुढच्या वर्षाचे विषय तर त्याआधीच ठरलेले असतात. ईमेलमध्ये संस्थेचं पूर्ण नाव, कोर्सचं नेमकं शीर्षक आणि कोर्सची लिंक द्या. मग विचारा: क्रेडिट मिळेल का आणि किती? ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड येईल की नुसतं ‘पास’? ती ग्रेड जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरणार का? ऑगस्टमध्ये अल्जिब्रा टूला बसण्याआधी शाळा स्वतःची वेगळी परीक्षा घेणार का? ट्रान्सक्रिप्ट कोणत्या तारखेपर्यंत पोहोचायला हवी? शाळेचा मंजुरीचा फॉर्म असेल तर त्यावर सही घ्या. समोरासमोर मिळालेलं ‘हो, चालेल’ धरून चालू नका. काउन्सेलर बदलतात, नव्याला काहीच ठाऊक नसतं.

मग संस्थेची मान्यता तपासा. कॉग्निया किंवा वॅस्क या शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता असावी, पण तेवढ्याने काम होत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, प्रवेशासाठी ‘ए-जी’ नावाने १५ विषय ठरलेले आहेत. त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात आणि प्रत्येकात निदान ‘सी’ हवा. कोणत्या संस्थेचा कोणता कोर्स ए-जीमध्ये धरला जातो, याची यादी यूसीच्या साइटवर वर्षवार उघडता येते. मूल कोर्स करणार ते वर्ष निवडून शीर्षक जुळवा. एकाच संस्थेचा साधा कोर्स यादीत असतो आणि क्रेडिट रिकव्हरीचा, म्हणजे नापासांसाठीचा आखूड कोर्स नसतो. दोघांच्या नावात एखाद्याच शब्दाचा फरक. सायन्सचा कोर्स असेल तर तो ‘डी’ या सायन्सच्या गटात आहे ना, तेही पाहा. ‘जी’ म्हणजे नुसता ऐच्छिक विषय. यूसी स्काउट हा ऑनलाइन कोर्सांचा यूसीचाच उपक्रम आहे, त्यामुळे तिथे ही शोधाशोध कमी करावी लागते. फ्लोरिडात राहणाऱ्यांना १९९७ पासून चालणारी फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल मोफत आहे. बाहेरच्यांना तिथेच पैसे भरावे लागतात.

आता तासांचा हिशेब. एका वर्षाच्या विषयाचं जुनं माप म्हणजे कार्नेगी युनिट: १२० तास. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळांत त्याचेच १० क्रेडिट होतात, सेमेस्टरला पाच. सहा आठवड्यांत १२० तास बसवायचे तर आठवड्याला २० तास, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज चार. यात तीन आठवड्यांची भारतवारी बसत नाही. पुण्याहून रात्री लॅपटॉप उघडून करेल, हा बेत कागदावरच राहतो: शिक्षकाच्या ऑफिस अवर्सना तिकडे मध्यरात्र उलटलेली असते.

त्यातही सगळा वेळ आपल्या हातात नसतो. दोन रकान्यांतलं प्रूफ, म्हणजे सिद्धता, वहीत लिहायचं, फोनने फोटो काढून चढवायचं. फोटो आडवा गेला, पेन्सिल फिकट होती किंवा कारणांचा उजवा रकाना कापला गेला, की काम परत येतं. ते पुन्हा तपासायला शिक्षकाला दोन-तीन दिवस लागतात आणि काही कोर्सांत ती ग्रेड पडेपर्यंत युनिटची परीक्षा उघडतच नाही. असं चार-पाचदा झालं की सहा आठवड्यांचे आठ होतात. म्हणून गडद पेन, सपाट टेबल, स्कॅन करणारं ॲप, आणि शेवटचा आठवडा मुद्दाम रिकामा.

नाव नोंदवताना ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन सेमेस्टर बहुतेक ठिकाणी वेगवेगळी घ्यावी लागतात, फीही वेगळी. एकच घेऊन अख्खी जॉमेट्री झाली असं समजणारे पालक दर वर्षी भेटतात. फायनलला बहुधा प्रॉक्टर, म्हणजे परीक्षेवर लक्ष ठेवणारा माणूस, लागतो आणि तो नात्यातला चालत नाही. ऑनलाइन प्रॉक्टर असेल तर वेबकॅम आणि खोलीची चाचणी आदल्या दिवशी उरका. परीक्षा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत झाली पाहिजे, कारण ग्रेड पडणं आणि ट्रान्सक्रिप्ट निघणं यात आणखी दिवस जातात.

ट्रान्सक्रिप्ट आपोआप जात नाही. ती मागवावी लागते आणि संस्थेकडून थेट शाळेत जावी लागते. तुम्ही डाउनलोड करून पाठवलेली पीडीएफ अनधिकृत ठरते. पुढे यूसीचा अर्ज भरताना ऑनलाइन संस्था वेगळी शाळा म्हणून दाखवून तो विषय तिच्याखाली लिहायचा, आणि प्रवेश घेतल्यावर १ जुलैच्या मुदतीत तिचीही ट्रान्सक्रिप्ट पाठवायची. तीन वर्षांपूर्वीच्या त्या लॉगिनचा पासवर्ड तेव्हा कुणालाच आठवत नाही. आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

ग्रेड सुधारायला विषय पुन्हा करायचा विचार असेल, तर थांबा. यूसी फक्त ‘डी’ किंवा ‘एफ’ मिळालेला विषय पुन्हा केलेला धरते. ‘सी’ किंवा ‘बी’चा ‘ए’ करण्यात घातलेली सुट्टी यूसीच्या जीपीएत कुठेही दिसत नाही. आणि ‘बी’ मिळालेल्या मुलाला तेच प्रकरण पुन्हा गिरवायला लावणं, हे आमच्या मते तसंही फारसं बरं नाही.

एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, कोर्स ऑनलाइन केला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘एपी’ ही अक्षरं लावायला तो कोर्स एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डच्या ऑडिटमधून गेलेला असावा लागतो. मे महिन्यातली परीक्षा हे निराळं प्रकरण: तिच्यासाठी जवळच्या शाळेच्या एपी कोऑर्डिनेटरकडे आपण स्वतः नाव द्यायचं. नोंदणीची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते, म्हणून सप्टेंबरमध्येच फोन करा. बाहेरचं मूल घ्यायला सगळ्या शाळा तयार नसतात.

मुलगा टेनिस किंवा पोहण्यात डिव्हिजन वनकडे, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सर्वांत वरच्या स्तराकडे, बघत असेल, तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची यादीही तपासा. त्यांना १६ कोर विषय लागतात, त्यातले दहा बारावी सुरू होण्यापूर्वी. ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाशी नियमित संपर्क असावा आणि कोर्सला ठरावीक कालावधी असावा, असा त्यांचा नियम आहे. दहा दिवसांत संपवलेला कोर्स तिथे अडकू शकतो.

राहिला परकीय भाषेचा विषय. त्यासाठी स्पॅनिश ऑनलाइन घेण्याआधी घरच्या मराठीकडे एकदा बघा. स्टॅम्प डब्ल्यूएस ही लिहिण्या-बोलण्याची परीक्षा मराठीतही देता येते आणि काही शाळा तिच्या निकालावर भाषेचं क्रेडिट देतात. देतात की नाही, हे मार्चच्या त्याच ईमेलमध्ये विचारा. मूल महाराष्ट्रात मराठी माध्यमात सहावी-सातवी शिकून आलं असेल, तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची यूसीची अट त्या दोन वर्षांवरच पूर्ण होते. पुरावा म्हणून त्या शाळेचे कागद लागतात, तेव्हा प्रगतिपुस्तकं आणि शाळा सोडल्याचा दाखला आजोबांच्या कपाटातून मागवून घ्या.