३ दिवसांच्या ट्रेकची बॅग : आधी काट्यावर, मग पाठीवर

दिवाळी झाली की सातपुड्यात जायचे प्लॅन सुरू होतात, कुणाला तोरणमाळ, कुणाला अस्तंभा, कुणाला पाल गावाकडचं जंगल, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की भाऊ बॅग किती किलोची चालेल. तर भरलेली बॅग, पाण्यासकट, स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. ६५ किलोचा माणूस असेल तर १३ किलो. कमी भरली तर फारच छान.

पण या १३ मधून पाणी आधी वजा करा. यूट्यूबवर ते अल्ट्रालाइटवाले, म्हणजे कमीत कमी वजन घेऊन ट्रेक करणारे, लिटरभर पाणी घेऊन मजेत चालतात कारण त्यांना वाटेत पाणी मिळत असतं, आपल्याकडे डिसेंबरनंतर नाले आटत जातात आणि फेब्रुवारीत सागाची पानं गळाली की सावलीपण गेली. म्हणून बॅगेत एका वेळी माणशी ४ लिटर धरा, म्हणजे ४ किलो, आणि पाणी काही हलकं मिळत नाही कुठल्याच दुकानात! जी काही कापाकापी करायची ती बाकीच्या सामानात.

हिशोब असा. २ रात्री ३ दिवसांचं कोरडं खाणं रोजचं ७०० ग्रॅमने साधारण २ किलो. गॅसचा छोटा सिलेंडर, आत २३० ग्रॅम गॅसवाला, डब्यासकट ४०० च्या आतबाहेर. उरले साधारण साडेसहा किलो, त्यात रिकामी बॅग दीड, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट ४०० ग्रॅम, दोघांच्या टेंटमधला तुमचा वाटा सव्वा, कपडे सव्वा, शेगडी-भांडं अर्धा, टॉर्च-औषधं-पॉवरबँक मिळून अर्धा. संपलं, सेल्फी स्टिकला जागा नाही.

हे आकडे अंदाजाने धरू नका, मोजा. छोट्या वस्तूंना किचनचा ५ किलोवाला काटा, आणि भरलेल्या बॅगेला हुकचा लटकता काटा. गावाकडे तर प्रश्नच नाही, शेतात कापूस वेचणीचं माप ज्या काट्यावर होतं तोच मागून आणा, बॅगेचा वरचा लूप अडकवा की झालं. आधी एकेक वस्तू मोजून मोबाईलमध्ये लिहून घ्या, नुसतं हातात घेऊन "हलकंच आहे की" म्हटलेल्या ८-१० वस्तूंचा मिळून किलो होतो. सगळ्यात जास्त चोरी बाटल्या, पाऊच आणि डबे करतात. थर्मासवाली स्टीलची बाटली रिकामीच मोजून बघा आणि शेजारी साधी प्लास्टिकची बाटली ठेवा, लगेच कळेल.

कपड्यांचं सांगतो, जीन्स घरी. इंग्रजी व्हिडिओत कॉटन अजिबात नको म्हणतात, ते गार आणि ओल्या हवेसाठी बरोबर आहे, पावसाळ्यात आपल्यालाही लागू. पण आपल्या कोरड्या उन्हात दिवसा चालायला पातळ सुती शर्ट आणि डोक्याला रुमाल मस्त चालतो. फक्त घामाचा शर्ट घालून झोपू नका, तोरणमाळला थंडीत रात्री चांगलाच गारठा असतो, त्यासाठी एक कोरडा पॉलिस्टरचा टीशर्ट आणि पातळ जॅकेट पिशवीत वेगळं बांधून ठेवा, ते दिवसा बाहेर काढायचंच नाही. मोजे ३ जोड, इथे कंजुषी नको.

खाण्यात दशम्या आणि ठेचा पाहिजेच, पण दशमी जड असते म्हणून पहिल्या दिवसापुरत्याच घ्या, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा. पुढे भाजलेले शेंगदाणे (१०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी, याच्या तोडीचं स्वस्त काही नाही), राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची कोरडी चटणी. केळी आपल्या जळगावची असली तरी सालासकट उचलायची म्हणजे फुकटचं वजन, बसमध्येच खाऊन टाका. वेफर्स हलके पण अर्धी बॅग अडवतात आणि शेवटी चुरा उरतो. रात्री खिचडी, तीपण मुगाच्या डाळीची, तुरीच्या डाळीला जास्त उकळावं लागतं आणि गॅस जातो. तांदूळ-डाळ-मीठ-हळद घरीच मोजून एकेका जेवणाची वेगळी पुडी करा. ओआरएसच्या ४-५ पुड्या टाका, वजन नावालाच.

भरताना बॅगेत आतून एक जाड पॉलिथिनची पिशवी लावा. तळाला स्लीपिंग बॅग, कारण ती रात्रीशिवाय लागत नाही. जड माल, म्हणजे पाणी, खाणं, टेंट, मधे आणि पाठीला चिकटून, साधारण खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेली की बॅग मागे ओढते आणि उतारावर तोल जातो, सातपुड्यातल्या मुरमाड उतारावर तर विचारूच नका. पाण्याचं वजन डावी-उजवी सारखं वाटा. टॉर्च, रुमाल, औषधं वरच्या कप्प्यात. कंबरेचा पट्टा हाडावर बसवून आधी तो आवळा आणि मग खांद्याचे, बरेच जण उलटं करतात आणि तासाभरात खांदे धरतात. भरून झालं की जिन्यावरून १०-१५ मिनिटं वरखाली करा, कुठे टोचतंय ते घरीच कळतं.

मोबाईल डोंगरात एअरप्लेन मोडवर टाका, रेंज शोधण्यातच बॅटरी जाते. तेवढं केलं तर १०००० चा पॉवरबँक पुरतो, २०००० वाल्याचं वजन जवळपास दुप्पट.

आणि हो, अभयारण्यात जाणार असाल तर परवानगी आणि शेगडी पेटवायचं वनविभागाला आधी विचारा. नाही म्हणाले तर गॅस, शेगडी, भांडं सगळं घरी ठेवून कोरडं खाणं थोडं वाढवा. पुण्या-मुंबईहून रेल्वेने जळगाव-भुसावळला येणाऱ्यांनी सिलेंडर बॅगेत घालूच नका, गाडीत गॅस न्यायला बंदी आहे, इकडच्या मित्राला आधीच सांगून मागवून ठेवा.