चाळीस नावांची वही: बेसबॉल संघाची निवड आणि मायनर लीगची पोरं कशी वाचायची

अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी, रेघांची वही आणा. मोबाइलवर सगळं मिळतं हे मला माहीत आहे, तरी आणा. भाच्याला बेसबॉल शिकवायला घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी हेच सांगितलं. स्क्रीनवर संघाच्या यादीतल्या चाळीस नावांवरून नजर घसरत जाते. हाताने लिहायला बसलं की चौतिसाव्या नावाशी पेन थांबतं आणि मनात येतं, हा अजून इथे का आहे? संघाचे निर्णय कळायला तिथून सुरुवात होते.

मी कोथरूडला राहते, भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. आठवी ते दहावी शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळले, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. 2008 च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. ती बातमी वाचली आणि हा संघ माझा झाला. दोघंही मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पायरीपर्यंत, पोचले नाहीत. रिंकू मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजरच्या खालच्या स्पर्धांमधल्या, सिंगल-ए या पायरीपर्यंत गेला. पण त्यांचा माग काढता काढता मला खालच्या पायऱ्यांची ओढ लागली, ती आजतागायत आहे.

वहीच्या पहिल्या पानावर संघाची 40 जणांची यादी उतरवा. मेजर लीगमध्ये रोजच्या सामन्याला 26 जण उपलब्ध असतात, त्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्तीत जास्त 13. उरलेले चौदाएक जण बहुतेक मायनर लीगमध्ये किंवा दुखापतीच्या यादीत असतात. नावापुढे चार रकाने आखा: वय, डावखुरा की उजवा, ऑप्शन किती शिल्लक, मेजर लीगमध्ये किती दिवस भरले. फॅनग्राफ्स या वेबसाइटच्या रोस्टर रिसोर्स पानावर ही माहिती मिळते. पहिल्यांदा दोन तास लागतील. नंतर आठवड्याला दहा मिनिटं पुरतात.

या चारांत ऑप्शनचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवा माणूस नेमका तोच सोडून देतो. ऑप्शन म्हणजे आपल्या रजेच्या शिल्लकीसारखी गोष्ट, फक्त ही शिल्लक संघाची असते. चाळिसात आलेल्या खेळाडूला संघ साधारणपणे तीन हंगामांत खाली पाठवून परत बोलावू शकतो. हंगामात तो असा 20 दिवस खाली राहिला की एक ऑप्शन खर्ची पडला. 2022 पासून एका हंगामात पाचदाच असं खाली पाठवता येतं. तिन्ही ऑप्शन संपले, की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या 29 संघांना तो उचलायची संधी द्यावी लागते.

आता मार्चअखेरची एक नेहमीची गोष्ट घ्या. सराव सामन्यांत एक पोरगा झकास मारतोय, दुसरा रडतखडत. तरी पहिला ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, जातो आणि दुसरा वर राहतो. लोक म्हणतात, निवड करणाऱ्यांना डोळे नाहीत. वहीत बघा: पहिल्याचे दोन ऑप्शन शिल्लक, दुसऱ्याचा एकही नाही. पहिल्याला खाली ठेवलं तर दोघंही संघाचेच राहतात. दुसऱ्याला पाठवलं तर तो हातचा जाऊ शकतो. निर्णय पटो न पटो, तो बॅटिंग बघून घेतलेला नाही एवढं तरी कळतं. जुलैतही तेच. रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर, तीन दिवस सलग टाकून थकला, की ऑप्शन असलेला खाली आणि ताज्या हाताचा वर. खाली गेलेल्या पिचरला 15 दिवस, बॅटरला 10 दिवस परत आणता येत नाही. कोणी दुखापतीच्या यादीत गेलं तर मात्र चालतं. म्हणून वर कोणी जखमी झालं, की कालच खाली गेलेला आज परत दिसतो.

शेवटच्या रकान्याबद्दल मात्र माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही. मेजर लीगचा हंगाम साधारण 187 दिवसांचा, त्यातले 172 दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी करार करायला. 2015 मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला हंगामाच्या सुरुवातीला खाली ठेवलं आणि 17 एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी, आणि संघाला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. त्याने दाद मागितली, 2020 मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. नियमात बसलं असेल. मला ते आजही अन्यायाचं वाटतं. हिशेब लिहिणं हेच माझं काम आहे, आणि माणसाचा एक दिवस असा मुद्दाम बाहेर ठेवलेला मला बघवत नाही.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022 च्या करारात यावर थोडा इलाज झाला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं. आमचा पिचर पॉल स्कीन्स याला त्याचा फायदा झाला. 2023 च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतली, पहिली निवड, 2024 च्या एप्रिलमध्ये इंडियानापोलिसला, ट्रिपल-एला. तिथे 27 आणि एक तृतीयांश इनिंग, 45 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) 0.99. 11 मेला तो वर आला, 1.96 ईआरएने वर्ष संपवलं आणि सर्वोत्तम नवोदित ठरला. वर्ष त्याच्या खात्यात पूर्ण जमा झालं. पण संघाने त्याला पहिल्या दिवसापासून वर ठेवलं असतं, तर नियमाप्रमाणे बक्षीस म्हणून ड्राफ्टची एक जादा निवड पायरेट्सना मिळाली असती. ती हुकली. त्याच्या खांद्यावरचा भार हळूहळू वाढवायचा होता हे मला मान्य आहे. ते वर ठेवूनही करता आलं असतं, असं माझं मत तेव्हा होतं, आजही आहे.

नोव्हेंबरसाठी वहीत वेगळं पान ठेवा. डिसेंबरमध्ये रूल फाइव्ह ड्राफ्ट असतो, आणि त्याआधी संघाला ठरवावं लागतं की मायनर लीगमधल्या कोणाकोणाला चाळिसात घेऊन राखायचं. 18 किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्याला पाच हंगाम सवड, 19 च्या पुढच्याला चार. त्यानंतर राखलं नाही तर दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एवढीच की पुढचा अख्खा हंगाम त्याला वर ठेवायचं, नाहीतर मूळ संघाला परत द्यायची तयारी दाखवायची.

पायरेट्सच्या चाहत्याला या पानाची दोन टोकं माहीत हवीतच. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी एका पोरट्याला मॉन्ट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवून दिलं होतं, पायरेट्सनी त्याला 4,000 डॉलरना उचललं. तो रॉबर्तो क्लेमेंते. 3,000 हिट्स मारून गेला. आणि 2003 मध्ये याच ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा निवडींपैकी पाच आमची पोरं होती. त्यात होसे बाउतिस्ता. 2004 च्या एका हंगामात तो चार संघांच्या यादीत फिरून परत आमच्याकडे आला, 2008 मध्ये आम्ही त्याला टोरांटोला दिलं, आणि 2010 मध्ये त्याने तिथे 54 होम रन मारले. त्याची स्विंग टोरांटोत बदलली, हे खरं. म्हणून 2003 मध्ये हे दिसायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारते: त्या वर्षी चाळिसात जागा अडवून कोण बसलं होतं? दरवर्षी नोव्हेंबरात हाच प्रश्न विचारा. यादीतल्या तळाच्या पाच नावांपुढे राखायच्या पाच पोरांची नावं लिहा आणि जोड्या लावून बघा.

आता पोरं. प्रत्येक मेजर लीग संघाखाली चार मुख्य पायऱ्या असतात. आमच्या तळाशी ब्रॅडेंटन, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना, वर इंडियानापोलिस. आकडे बघायच्या आधी वय बघा. अल्टूनात, म्हणजे डबल-एत, 20 वर्षांचा पोरगा जेमतेम धावा काढतोय आणि 26 वर्षांचा धो धो मारतोय, तर पेन्सिल पहिल्याच्या नावाखाली फिरवा. कॉनर ग्रिफिनला 2024 च्या ड्राफ्टमध्ये शाळेतून नवव्या क्रमांकावर घेतलं. 2025 मध्ये 19 वर्षांचा असताना तो एकाच हंगामात ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना असा चढला, सरासरी .333, 21 होम रन, 65 बेस चोरले. वय आणि पायऱ्या शेजारी ठेवल्या की या आकड्यांचं मोल कळतं.

दुसरी गोष्ट मैदान. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रीनो अशी उंचावरची शहरं आहेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि बॅटरचे आकडे फुगतात. तिथले तीस होम रन बघून हुरळू नका. वडिलांनी मला लहानपणी भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली होती: 1948 च्या डिसेंबरात इथे, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443. तरी कसोटी एकही नाही. त्यांच्यावर अन्याय झाला की नाही यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पण एका डावाने वरचं दार उघडत नाही, हे मला बेसबॉलच्या आधी त्यांच्यामुळे कळलं.

म्हणून सरासरीपेक्षा स्ट्राइकआउट आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) यांची टक्केवारी लिहा. खाली स्ट्राइकआउट फार असतील तर वर ते वाढतात, कारण वरचे पिचर ती फट शोधून काढतात. पायरी चढल्यावरही एखाद्याचे स्ट्राइकआउट वाढले नाहीत, तर त्याच्या नावाला चांदणी काढा. स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारे लोक, 20 ते 80 मध्ये गुण देतात, 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. ते वाचा, पण स्वतःचेही गुण द्या.

ते देण्यासाठी सामना बघावा लागतो. मी शॉर्टस्टॉपचे पाय बघते. चेंडू बॅटला लागायच्या क्षणी खेळाडू जमिनीवरून हलका उचललेला असतो का, पहिलं पाऊल बरोबर दिशेला पडतं का, फेकण्याआधी पाय जमिनीत घट्ट येतात का. लोटांगण घालून पकडलेल्या चेंडूला टाळ्या पडतात. ज्याचं पहिलं पाऊल बरोबर पडतं त्याला बहुतेक वेळा लोटांगण घालावंच लागत नाही. पिचरचा वेग पडद्यावर दिसतो, तो बघू नका. पाचव्या इनिंगमध्ये थकल्यावर त्याचा हात पहिल्या इनिंगइतकाच वर येतोय का ते बघा. एका पोराचे निदान चार सामने बघितल्याशिवाय मी गुण लिहीत नाही, आणि लिहिते ते पेन्सिलने. शाई मेजर लीगच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी.

पिट्सबर्गचा संध्याकाळी 6:40 चा सामना आपल्याकडे पहाटे 4:10 ला येतो. नोकरी सांभाळून ते रोज जमत नाही. रविवारी दुपारी 1:35 चा सामना असेल तर तो आपल्याकडे रात्री 11:05 ला लागतो, तिथून सुरुवात करा. वही जवळ ठेवा आणि सामना सुरू व्हायच्या आधी त्या दिवशी कोण वर आलं, कोण खाली गेलं ते लिहून घ्या.