सालीखालचे चपटे ढेकूण: फवारणीआधी साल नीट बघा

पाऊस सरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची साफसफाई सुरू होते. बांडगूळ तोडायचं, वाळक्या फांद्या काढायच्या, खोडाभोवतीचं रान मारायचं. याच कामात कोयतीच्या टोकाने सुटलेली साल उचकटली की खाली काळपट-तपकिरी, कागदासारखे चपटे किडे दिसतात. वीस-पंचवीस एका जागी, एकमेकांना खेटून. उजेड पडला तरी पळत नाहीत, जागच्या जागी चिकटून बसतात. जळक्या लाकडाची कपचीच वाटावी. मग गडी हाक मारतो, "झाडाला ढेकण्या लागला हो!" आणि पंप बाहेर निघतो.

नावामुळे फसगत होते ती इथे. काजूवरचा ढेकण्या हा सडपातळ, लांब पायांचा, डासासारखा दिसणारा. तो कोवळी पालवी, मोहोर आणि कोवळी बी यांतला रस शोषतो. मेल्या सालीखाली तो सापडणार नाही. सालीखाली दिसतात ते चपटे ढेकूण, शास्त्रात त्यांच्या कुळाला ॲरॅडिडी म्हणतात. ढेकण्याचे ते लांबचे नातेवाईक खरे, पण त्यातले बहुतेक बुरशीवर जगतात. त्यांच्या तोंडातली सुई केसासारखी बारीक आणि इतकी लांब असते की एरवी ती डोक्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. कुजक्या लाकडात पसरलेल्या बुरशीच्या धाग्यांतून ते या सुईने रस ओढतात. साल आणि लाकूड यांच्यातल्या फटीत राहायचं म्हणून अंग असं चपटं. त्याच जागी चपटे, काळे, चकचकीत भुंगेरेही दिसतात. त्यातले काही इतर किडींच्या अळ्या खाऊन आपलं कामच करतात.

म्हणून या किड्यांवर फवारणी करू नका. औषध, मजुरी आणि दिवस, तिन्ही फुकट जातात. ते दिसले याचा अर्थ एवढाच की तिथली साल आधीच मेलेली आहे. ती कशाने मेली हे शोधा.

पहिला संशय भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा घ्या. खोडाच्या बुंध्यापासून जाड फांद्यांच्या बेचक्यांपर्यंत हात फिरवून बघा. छिद्र, त्यातून बाहेर आलेला लाकडाचा ओलसर भुसा, बुंध्याशी पडलेला त्याचा ढीग, कुठे पाझरलेला चीक यातलं काही दिसलं तर आत अळी आहे असं धरून चाला. चपट्या ढेकणांच्या जागी असा ताजा भुसा नसतो. कोरडी साल आणि फार तर बुरशीची पांढरी जाळी असते. आंब्यावरच्या भिरुडाचा भुंगेरा मोठा, राखाडी-तपकिरी, लांब मिशांचा, मानेवर दोन नारिंगी ठिपके असलेला. तो पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतो आणि मादी साल कुरतडून त्यात अंडी घालते. पिवळसर पांढरी, बिनपायांची अळी आतून लाकूड पोखरत जाते. एखादी फांदी अचानक पिवळी पडून वाळते तेव्हा आतलं नुकसान बरंच पुढे गेलेलं असतं. आत्ता भुशाचा पहिला चिमूटभर ढीग दिसतोय तेव्हाच झाड हाती लागतं, म्हणून हे काम दिवाळीनंतरवर ढकलू नका.

भुसा साफ करा, छिद्र पटाशीने थोडं मोठं करा आणि टोकाला आकडा केलेली तार आत घालून अळी ओढून काढा. तार बाहेर येताना तिला ओला चिकट द्रव लागला तर अळी आत फुटली असं समजा. ती हाती लागली नाही तर शिफारशीतलं कीटकनाशक छिद्रात सोडून तोंड चिखलाने बंद करा. कोणतं आणि किती, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. जुन्या वहीतलं डायक्लोरव्हॉस मात्र वापरू नका, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. आठ-दहा दिवसांनी परत जाऊन बघा. ताजा भुसा असेल तर पुन्हा तार घाला.

पेरू, बोर, शेवग्यावर खोडाला भुसा आणि विष्ठा गुंफलेली रेशमी जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी. दिवसा ती बिळात असते, रात्री साल खाते. जाळी खरवडून बिळात तार घाला.

मेलेली साल जिवंत सालीपर्यंतच तासा, पुढे नको. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा; लोखंडी बादली घेऊ नका. स्वच्छ कोयती मिश्रणात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना वाढवा.

तोडलेल्या ओंडक्यावर चपटे ढेकूण असतील तर असू देत. पण भिरुडाचं छिद्र असलेला ओंडका बांधावर रचून ठेवू नका. आतली अळी तिथेच वाढते आणि पुढच्या पावसात भुंगेरा होऊन शेजारच्या कलमावर जाते. असं लाकूड मे संपायच्या आत जाळा.